गडावर, पांझरेच्या वाटेनं

पोराची गणिताची चौकटीची वही अर्धी कोरी राहिली होती. तिच्या मागच्या बाजूनं मी तीन महिन्यांपासून लिहितोय. आडव्या ओळींत तिथ्या, उभ्या रकान्यांत गाव, अंतर, मुक्काम, सावली, पाणी. पंचमी ते त्रयोदशी अशा नऊ ओळी. बायको म्हणते, एवढा अभ्यास दहावीला केला असतात, तर आज आपण नाशकात बंगल्यात राहिलो असतो.

चैत्रात गडावर पायी जायचंय. आमच्या खान्देशात नुसतं 'गड' म्हटलं की पुरतं, कुठला ते कोणी विचारत नाही. गड सप्तशृंगीचा. रामनवमीपासून चैत्री पौर्णिमेपर्यंत यात्रा असते आणि धुळे, जळगाव, नंदुरबारची खेडीच्या खेडी रस्त्यावर येतात. खान्देश म्हणजे देवीचं माहेर, अशी इकडची समजूत. त्यामुळे आमच्याकडे दर्शनाला जाण्यात थोडा हक्कही असतो. लेकीच्या सासरी निघाल्यासारखे लोक निघतात, शिदोरी बांधून, गात, आणि रस्ता आपल्याच बापाचा असल्यासारखे.

रस्ता अर्थातच आपल्या बापाचा नाही. मी दोनदा गेलोय नेहमीच्या मार्गानं, धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गानं मालेगाव, मग देवळा, कळवण, नांदुरी. एकशे चाळीस किलोमीटरच्या घरात. लळिंगचा किल्ला उजाडायच्या आत मागे पडतो, आर्वी येते, झोडगे येतं, आणि तोवर उन्हानं डांबर मऊ झालेलं असतं. पहिल्या वर्षी भक्तीनं भारावून गेलो होतो, दुसऱ्या वर्षी आवाजानं. पिकअपवर रचलेले भोंगे, त्यावर देवीची गाणी लग्नाच्या चालीत, आणि शेजारून सोळा चाकी ट्रक. दुसऱ्या वर्षीच पहाटे चारला एका टेम्पोचा आरसा माझ्या मावसभावाच्या दंडाला चाटून गेला. नानाला काही झालं नाही, दंड पंधरा दिवस काळानिळा होता एवढंच. पण त्या दिवसापासून आम्ही दोघं पुढे चालणाऱ्याच्या पाठीकडे कमी आणि मागून येणाऱ्या दिव्यांकडे जास्त बघत चाललो. मान मागे वळवून वळवून देवीकडे जाण्यात काही अर्थ नाही, असं नाना कळवणला म्हणाला आणि झोपला.

तेव्हाच मोठ्या मायची वाट आठवली.

मोठी माय म्हणजे माझी आजी. साक्री तालुक्यातल्या पांझराकाठच्या एका गावची. तिच्या तरुणपणी ती गडावर गेली ती मालेगावकडून नव्हे, तर वरच्या अंगानं. नदी धरून पिंपळनेर, मग शेलबारी चढून पलीकडे ताहाराबाद, तिथून सटाणा, डांगसौंदाणे, कळवण. तिला किलोमीटर माहीत नव्हते. तिचा हिशेब नद्यांचा होता: पांझरा सोडली की मोसम, मोसम सोडली की आरम, आरम सोडली की गिरणा, आणि गिरणा ओलांडली की देवी. मी शाळेत असताना तिला नकाशा उघडून दाखवला होता, की बघ, तू बरोबर सांगत होतीस. तिनं नकाशाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. म्हणाली, "देवी रस्ता दावस, आपन पाय उचलाना."

देवी रस्ता दाखवत असेल. मुक्कामाच्या जागा मात्र आपल्याला शोधाव्या लागतात. म्हणून ही वही.

मोटारसायकलच्या काट्यावर हा मार्ग एकशे नव्वदच्या आसपास भरला. म्हणजे नेहमीच्या वाटेपेक्षा पन्नासेक किलोमीटर जास्त, दोन-अडीच दिवस वाढीव. नानाला हे सांगितलं तेव्हा त्यानं फक्त दंड चोळला आणि "चालेल" म्हणाला.

सुरुवात धुळ्यात एकवीरा देवीच्या दारातून करायची. देऊळ पांझरेच्या काठावरच आहे, तेव्हा निघताना नदी हाताशी येते. तिथून नदीच्या उलट्या दिशेनं, मावळतीकडे. साक्रीपर्यंत शेजारूनच सुरतेचा महामार्ग जातो, कुसुंबा, नेर करत. त्यावरून चालायचं तर मालेगावनं काय घोडं मारलं होतं? म्हणून काठावरच्या गावांतून, शेतवाटांनी जायचं ठरवलं. कागदावर हे फार सोपं दिसतं. निळी रेघ धरून चालत राहायचं. मी तसं चालत राहिलो असतो तर अक्कलपाडा धरणाच्या पाण्यात उतरलो असतो. नकाशावर बोटभर निळा डाग होता, तो मी शाई सांडली असेल म्हणून सोडून दिला होता. प्रत्यक्षात गेल्यावर समोर पाणीच पाणी, आणि काठावरची वाट थेट त्यात शिरलेली. पाण्यात शिरणारी बैलगाडीची चाकोरी बघत उभं राहिलं की वेगळंच वाटतं. मोठी माय इथून गेली असेल तर ती वाट आता खाली आहे. आम्हाला वळसा आहे, अर्धा दिवसाचा. षष्ठीची ओळ खोडून पुन्हा लिहिली.

या मार्गाच्या मी खरा प्रेमात पडलो तो पाटांमुळे. पांझरेवर गावोगाव जुने दगडी बंधारे आहेत आणि प्रत्येक बंधाऱ्यातून पाट निघतो. याला आमच्याकडे फड पद्धत म्हणतात. तीन-चारशे वर्षं जुनी. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे तीन-चार फड पाडलेले असतात, एका फडात एका हंगामाला एकच पीक. या फडात ऊस तर त्यात गहू, आणि पुढच्या वर्षी फिरवाफिरव. गंमत अशी की बहुतेकांचा तुकडा प्रत्येक फडात असतो. त्यामुळे पाणी कुठल्या फडाला सोडलं यावरून भांडायला फार वाव उरत नाही, सगळ्यांचंच काहीतरी भिजत असतं. पाणी वाटायला पाटकरी, त्याच्यावर हवालदार, राखणीला जागल्या, आणि सगळ्यांवर गावाची पंचमंडळी. शेतकरी आपल्या मर्जीनं दारं फोडून पाणी घेत नाही. पाटकरी देईल तेव्हा आणि तेवढं. आता विहिरी झाल्या, बोअर झाल्या, वर धरणं झाली, आणि बरेच फड नावाला उरले. पण पाट आहेत.

आणि पाटाच्या कडेनं चालण्याचं सुख मी नेरच्या पुढे पहिल्यांदा अनुभवलं. पाट काढणाऱ्यांनी जमिनीचा उतार डोळ्यानं आणि पाण्यानं मापला होता. पाट हळूहळू, कळेल न कळेल इतका उतरत जातो. त्यामुळे त्याच्या बांधावरून चालताना कुठे दम लागणारा चढ नाही, कुठे गुडघ्यांवर येणारा उतार नाही. पाण्याला चढ आवडत नाही, आणि बावन्नाव्या वर्षी मलाही. शिवाय कडेला निंबाची, आंब्याची झाडं. कासारे, सामोडे या पट्ट्यात मी सावलीच्या रकान्यात बरोबरच्या खुणा करत सुटलो होतो. माघ महिना होता. गहू ओंबीवर आला होता, पाटातून पाणी वाहत होतं, आणि तळाशी गेल्या पावसाळ्याची पानं काळी होऊन एकावर एक बसली होती. मी बूट काढून पाय सोडून बसलो. वहीत लिहिलं: पाणी, भरपूर.

तेवढ्यात खांद्यावर फावडं घेतलेला एक म्हातारा बांधावरून आला. कोण, कुठले, इथे का बसलात, अशी सगळी चौकशी झाली. गडावर पायी म्हटल्यावर त्यानं वहीकडे पाहिलं. मी वाचून दाखवलं. तो हसला नाही, पण हसू दाबल्यासारखं मिशीवरून बोट फिरवलं. म्हणाला, आता पाणी दिसतंय म्हणून भुलू नका. चैत्रात लाटीपाडा धरणाचं आवर्तन सुटलं तर पाट, नाही तर नुसती नळी. आवर्तन कधी सुटतं? पिकं किती आणि धरणात किती, त्यावर. तिथी बघून सोडत नाहीत.

म्हणजे माघात केलेली पाहणी चैत्राला लागू नाही. ही अक्कल कुठल्याही शेतकऱ्याच्या पोराला असते. मला नव्हती, कारण मी नळाखाली वाढलो. 'भरपूर'वर काट मारली.

चंद्राचंही तसंच झालं. ऊन टाळायचं म्हणजे पहाटे तीन-साडेतीनला निघायचं आणि नवाच्या आत सावली गाठायची, हे ठरलेलं. इकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशी सहज ओलांडतो, अकरानंतर चालणं म्हणजे आत्महत्याच. शुद्ध पक्ष आहे, चांदणं असेल, अशा भरवशावर मी होतो. नंतर लक्षात आलं की शुद्ध पक्षातलं चांदणं संध्याकाळी असतं. षष्ठीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. अष्टमीचा त्यानंतर तास-दीड तासानं. पहाटे साडेतीनला आमच्या वाट्याला चांदणं यायचं ते एकादशी-द्वादशीला, तेही जाता जाता. म्हणून सुरुवातीचे चार दिवस संध्याकाळी जास्त आणि पहाटे कमी चालायचं, आणि पुढे उलटं. महामार्गावर हा प्रश्नच आला नव्हता. तिथे ट्रकवाल्यांनी उजेड पुरवला होता.

पण सगळ्यात अडखळलो ते पाण्याच्या रकान्यात.

नेहमीच्या मार्गावर पाणी मागावं लागत नाही. तिथे उलटी तऱ्हा. दर फर्लांगावर मांडव, थंडगार सरबत, कुठे खिचडी, कुठे कलिंगड, कुठे तेल लावून पाय चेपणारी पोरं. "माऊली, घ्या ना" म्हणून हात धरून बसवतात. दुसऱ्या वर्षी मी एका सकाळीत सात ग्लास सरबत प्यायलो, केवळ नाही म्हणवेना म्हणून. देणाऱ्यांची श्रद्धा खरी असते, त्यांना नावं ठेवणार नाही. (प्लॅस्टिकच्या पेल्यांना ठेवीन.) पण त्या मार्गावर आपण घेत असतो, मागत नसतो. दोन्हींत फरक आहे हे मला या वहीनं शिकवलं.

पांझरेच्या वाटेवर मांडव नाही. तिथे तहान लागली तर कोणाच्या तरी दारात उभं राहून बोलायला लागणार. आणि मला ते जमत नाही. लहानपणापासून जमत नाही. शेजारी वाटीभर साखर आणायला पाठवलं तर मी जिन्यात उभा राहून परत यायचो आणि सांगायचो, त्यांच्याकडे नाहीये. नोकरी केली तीही अशी, की लोक माझ्या टेबलापुढे येऊन मागायचे. तीस वर्षं मी खुर्चीच्या या बाजूला होतो.

माझा पहिला उपाय सगळं बरोबर न्यायचा होता. दोन दोन लिटरच्या बाटल्या, गूळ-शेंगदाणे, दशम्या, चटणी, क्षाराच्या पुड्या. पाठीवरच्या पिशवीचं वजन केलं, अकरा किलो. एका रविवारी तेवढं घेऊन धुळ्याहून नेरच्या दिशेनं निघालो, सराव म्हणून. दहाव्या किलोमीटरला डाव्या टाचेला फोड आला, चौदाव्याला पाणी संपलं. चार लिटर. दुपारचे बारा वाजत आले होते. समोर वस्ती, आठ-दहा घरं, आणि मी एका निंबाखाली बसून विचार करतोय की बसला किती वाजतील.

पुढच्याच ओट्यावर एक बाई लसूण सोलत बसली होती. साठीची असेल. ती माझ्याकडे बघतेय हे मला दिसत होतं आणि मी तिच्याकडे बघत नाहीये हे तिलाही. शेवटी तिनंच विचारलं, "कोठे चालनात भाऊ?" मी सांगितलं. पाणी आहे का जवळ? मी म्हटलं, संपलं जरा आत्ताच. ती उठली, तांब्या भरून आणला, मी पिईपर्यंत उभी राहिली, दुसरा आणला. मग पुन्हा लसणाशी बसत म्हणाली, "पानी मांगाले लाज कसानी?"

उत्तर नव्हतं. तिला ते नकोही होतं; तिनं लसणाची पाकळी नखानं सोलता सोलता विचारलं होतं.

घरी येऊन माळ्यावरून मोठ्या मायचा फिरकीचा तांब्या काढला. पितळी, झाकणाला आटे पाडलेले, वर कडी. यात फार तर लिटरभर पाणी मावतं. लिटरभर! ती एवढ्यावर गडावर गेली. माझे चार लिटर नेरला पुरले नव्हते. तांब्या चिंचेनं घासताना आठवलं की ती निघायच्या आधल्या मंगळवारी परडी घेऊन पाच घरी जोगवा मागून यायची. घरात जोंधळे नव्हते म्हणून नव्हे. कणगी भरलेली असायची. तरी मागायची. पीठ, मीठ, जे मिळेल ते, आणि त्याचीच भाकरी वाटेला घ्यायची. मी लहानपणी तो देवीचा रिवाज म्हणून पाहिला. आता वाटतं, ती सराव करत होती. मी अकरा किलो पाठीवर घेऊन केला तो तसला सराव नव्हे. हा आपला माझा तर्क. मोठ्या मायला विचारलं असतं तर तिनं नकाशासारखंच उडवून लावलं असतं.

पिशवी आता साडेचार किलोची आहे. एक जोड कपडे, उपरणं, विजेरी, सुई-दोरा आणि खोबरेल फोडांसाठी, दोन दिवस टिकतील एवढ्या दशम्या. बाटली एकच. तांब्या न्यायचा की नाही यावर नाना आणि मी अजून वाद घालतोय. तो म्हणतो, पितळ तापतं. बरोबर आहे त्याचं. पण नेणार.

शेलबारीच्या पलीकडचं नियोजन फार अवघड गेलं नाही. खिंड उतरली की जिल्हा बदलतो, धुळ्याचा नाशिक होतो, पण कानाला काही कळत नाही. बागलाण, कळवण, सगळीकडे अहिराणी सुरूच राहते. हा मुलूख पूर्वी खान्देशातच मोजला जायचा. १८६९ साली नाशिक जिल्हा झाला तेव्हा तिकडे गेला. ताहाराबादहून मांगी-तुंगीची दोन शिखरं दिसत राहतात, त्यामुळे दशमीच्या ओळीत मी सावलीच्या रकान्यात 'नाही, पण बघायला आहे' असं लिहिलंय. सटाण्याला देवमामलेदारांच्या देवळात थांबायचं. यशवंतराव महाराज इथे मामलेदार होते. १८७०-७१ च्या दुष्काळात लोक दारात आले तेव्हा सरकारी खजिना वाटून मोकळे झाले. टेबलाच्या या बाजूला बसून असंही करता येतं, हे मला नोकरीत असताना कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी केलं नसतं.

नांदुरीहून वर जायला मोटारीचा घाट आहे, पण पायी येणाऱ्यांची जुनी वाट रडतोंडीची. नावातच सगळं आलं. मोठी माय त्या पायऱ्यांवर रडली होती म्हणे, दमून नव्हे, सुपारीचा बटवा खाली राहिला म्हणून. तिनं देवी पाहिली ती शेंदराच्या जाड थराखालची. २०२२ मध्ये तो थर काढला आणि आतली मूळ मूर्ती दिसू लागली, अठरा हातांची, कोरीव. घरात फोटो दोन्ही आहेत.

आणि एक गोष्ट मी नकाशावरच शोधली, तिचा अभिमान वाटतो म्हणून सांगतो. गड ज्या सातमाळ्याच्या रांगेत आहे तिच्या दक्षिण उतारावरचं पाणी गोदावरीकडे जातं आणि उत्तरेचं गिरणेला. गिरणा तापीला मिळते, पांझराही तापीलाच. मोसम आणि आरम गिरणेमार्गे तिथेच. म्हणजे आमच्या वाटेवरच्या चारही नद्यांचं पाणी शेवटी एकच, आणि आम्ही त्या पाण्याच्या अगदी वरच्या काठापर्यंत चालत जाणार. पावसाळ्यात गडावर पडलेलं उत्तरेकडचं पाणी खान्देशात येतं. माहेर म्हणतात ते उगाच नसावं. नानाला हे उत्साहानं सांगितलं, तर तो म्हणाला, मग आपण पावसाळ्यात इथेच बसून दर्शन घेऊ ना.

अडलं होतं ते फक्त शेलबारीच्या अलीकडे. पिंपळनेर सोडल्यावर घाट चढण्याआधी एक मुक्काम हवा, नाही तर तो टप्पा एका दिवसात तिशीच्या वर जातो. मागच्या आठवड्यात पुन्हा गेलो. घाटाच्या पायथ्याशी एका पाड्यावर हवी तशी जागा सापडली. सारवलेली ओसरी, समोर आंबा, कडेला हातपंप, आणि पंपाला पाणी. चालवून पाहिला. घरातली बाई भाकरी थापत होती. मी बूट काढले, ओसरीच्या कडेला बसलो आणि या वेळी तिनं विचारायची वाट न बघता सांगून टाकलं: आम्ही दोघंजण, गडावर पायी, नवमीच्या रात्री इथे टेकायला मिळेल का? वाक्य सरळ आलं. मधे घसा साफ करावा लागला एवढंच.

ती चुलीवरून म्हणाली, "चैतमा आम्हीबी गडवर जातस. घरले कुलूप ऱ्हाई."

झालं. तीन महिन्यांची वही आणि हा एकच मुद्दा डोक्यात आला नव्हता, की या वाटेवरच्या लोकांनाही देवी आहे आणि तीही चैत्रातच. मी बूट घालायला लागलो. तिनं भाकरी उलटली, फुगू दिली, आणि विस्तवाकडे बघतच म्हणाली, "किल्ली शेजारले ठेवी जासू. मांगी ल्या."

तिथेच ओसरीवर बसून वही काढली. नवमी. मुक्काम: पाडा, आंब्याचं घर. सावली: आहे. पाणी: पंप. खाली थोडी जागा उरली होती, तिथे लिहिलं: किल्ली शेजारी.